आधी जागा करा

पहिल्या तासाला मी कॅमेऱ्याबद्दल बोलतच नाही.
फळ्यावर लिहिते : आधी जागा करा.
चार जीबी तरी.
ऐन शूटिंगमध्ये फोन ‘स्टोरेज फुल’ म्हणाला
की समोरचा माणूस रडायचा थांबतो
आणि तुमच्याकडेच बघत बसतो.
मागच्या बाकावरून कुणीतरी :
मुंबईत जागा करा म्हणे!

तेवीस माना खाली, तेवीस अंगठे.
ग्लेनिस मावसबहिणीचं अख्खं लग्न उडवते,
केक तेवढा ठेवते.
सुहृद कासारे काकांची सुप्रभातं पुसतोय,
अकराशे गुलाब, दोनेकशे सूर्योदय,
आणि मार्चमधल्या एका झेंडूपाशी थबकतो.
त्यानंतर काकांचं काही आलेलं नाही.
झेंडू राहतो.
मी खिडकीकडे बघते.

नाझनीन पटवेकरचा अंगठा हलत नाही.
तीन जीबी, एकच फोल्डर, नाव : खोली.
वडाळ्याची दहा बाय बारा.
दाराचा कोयंडा. मीटरचा नंबर.
भिंतीवर खडूनं लिहिलेला सर्व्हेचा आकडा.
उंबऱ्यात अब्बा, छातीशी त्या दिवसाचा पेपर,
तारीख नीट दिसावी म्हणून उलगडून धरलेला.
तेव्हा मी त्याच पेपरात होते.
त्या पानावर कोपऱ्यात माझी बातमी असणार,
पण तिथे नेमका त्यांचा अंगठा आलाय.

सव्वीस वर्षं बातमीदारी केलेल्या माझ्या तोंडाला
पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू?
म्हटलं, अगं, हीच कर ना स्टोरी.
ती म्हणाली, मॅडम, ही स्टोरी नाही.
पुरावा आहे.
खोली गेली. पात्र-अपात्रची यादी लागायचीय अजून.

मग तिला माझा फोन दिला.
त्यात जागा करायला
माझीच व्याख्यानं काढून टाकली,
‘मोबाइल पत्रकारितेची सूत्रं’, भाग एक ते सात.
काही अडलं नाही कुणाचं.

ती शिवडीला गेली.
एका इमारतीच्या जिन्याखाली रहिवाशांच्या नावांचा फळा,
त्यापुढे स्टुलावर मयेकर पेंटर, सत्तरी उलटलेले.
खोली सतरावाले विकून बदलापूरला गेले.
आधी काळा रंग.
तो वाळेपर्यंत कपातला चहा बशीत, बशीतला पोटात.
मग पांढरी अक्षरं, मात्रा सगळ्यात शेवटी.

नव्वद सेकंद सांगितले होते, तिनं एकशे बारा आणले.
आडवा धर म्हटलेला फोन उभा.
आणि चाळिसाव्या सेकंदाला कुकरची शिट्टी,
नेमकी पेंटरच्या वाक्यावर.
मी तीनदा मागे नेऊन ऐकलं :
‘पुसत नाही गं पोरी, झाकतो.’

मग ती दोन पायऱ्या वर चढते.
हे मी शिकवलेलं नव्हतं.
दारातलं ऊन फळ्यावर तिरपं पडतं
आणि काळ्याखालून काळीच अक्षरं उठतात.
एक नाव. त्याच्याखाली आणखी एक.
तिसऱ्याचं नुसतं आडनाव, तेही अर्धं.
ती काही बोलत नाही.
कुणाचा तरी श्वास येतो फक्त,
माइकच्या फार जवळ.

गुणपत्रिकेत रकाने चारच : चौकट, स्थिरता, आवाज, लांबी.
सात दिले. कुकरचा एक कापला.
ती भांडायला आली. म्हणाली,
शिट्टी काढली तर त्या जिन्यात कुणी राहतच नाही
असं वाटेल, मॅडम.
अर्धा परत दिला.
उरलेल्या अर्ध्यासाठी अजून अधूनमधून बघते माझ्याकडे.

यादी लागलेली नाही.
दर आठवड्याला ती कुणाचा तरी फोन मागून घेते.
या खेपेला ग्लेनिसचा,
केकसकट.